चाळीस हुतुतू

त्या सकाळी हरिबांच्या छातीतून चार लिटर दोनशे मिलिलिटर हवा निघाली. चंद्रवसाहतीत साठी उलटलेल्या कुणाचीच एवढी निघत नसे. श्वासमापकाची नळी तोंडातून काढून त्यांनी विचारलं, "म्हंजे किती हुतुतू, डॉक्टरबाई?"

डॉ. शाल्मलीने आकडा लिहून घेतला आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. पृथ्वीवरून तपासणीला आलेले डॉ. रेगे शेजारीच उभे होते. "हे शेवाळाच्या टाक्या सांभाळतात," एवढीच ओळख तिने करून दिली होती. हरिबा समजायचं ते समजले होते. घरात तिला शालू म्हणणारा हा माणूस तेव्हापासून डॉक्टरबाई म्हणत होता.

रेग्यांनीच मग समजावलं, की छाती पूर्ण भरून शेवटपर्यंत सोडली की जी हवा निघते ती श्वासधारिता, आणि ती लिटरमध्ये मोजतात. त्यानंतरही लिटरभर हवा आत उरतेच, ती काही केल्या निघत नाही.

"आणि हुतुतूनं काय मोजतात, काका?"

"दम."

एवढं बोलून हरिबांनी श्वास भरला आणि कमरेत वाकून, मांडीवर थाप मारून सुरू केलं. एका दमात चाळीस. रेग्यांच्या मदतनिसांनी टाळ्यांचा ठेका धरला. शाल्मलीच्या कानशिलांना चटके बसले.

"हितं चाळीस," हरिबा म्हणाले. "माझ्या खोलीत परवा छत्तीस झाले, काल तीस. खोलीला कायतरी झालंय."

"खोलीला नाही, वयाला झालंय," ती म्हणाली. "छातीत मावतं ते इथेही तेवढंच आणि तिथेही तेवढंच. लिटर खोलीप्रमाणे बदलत नाही." मग दारापर्यंत सोडायला गेल्यासारखं करून हळूच म्हणाली, "हे असलं लोकांसमोर पुन्हा नको."

"बरं, डॉक्टरबाई," हरिबा म्हणाले. तिथे ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी ते टाक्यांवर आले नाहीत. खोलीत निजल्यासारखे सापडले.

भिंतीतल्या नळीतून नायट्रोजन झिरपत होता. खोलीतली जास्तीची हवा झडपेतून आपोआप बाहेर जाई, त्यामुळे दाब अगदी बरोबर राहिला. प्राणवायू मोजणारं यंत्र एकवीस टक्क्यांवर अडकलं होतं. नायट्रोजनने जीव घुसमटत नाही. छाती नेहमीसारखी भरते, नेहमीसारखी रिकामी होते. हरिबांना शेवटपर्यंत त्यांचे चार लिटर मिळाले होते. त्या लिटरात प्राणवायूच पुरेसा नव्हता. शाल्मलीचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं, लिटर बदलला नव्हता. श्वासमापक सांगतो हवा किती. ती हवा किती वेळ पुरते, ते हुतुतू सांगत होतं.

चौकशी रेग्यांनीच केली. अहवालाचं शेवटचं वाक्य त्यांनी तिला वाचून दाखवलं, 'यंत्र बिघडलेले असल्याने धोका कुणालाही कळणे शक्य नव्हते.' वसाहतीची वैद्य म्हणून तिची संमती हवी होती. तिने नुसती मान हलवली असती तरी ती सुटली असती.

"एकाला कळला होता," ती म्हणाली. "त्यांनी तीन दिवसांचे आकडे मला तुमच्यादेखत सांगितले."

रेग्यांनी कपाळाला आठी घातली. "ते हुतुतूवाले काका? टाक्यांवरचे?"

"टाक्यांवरचे नाही," शाल्मली म्हणाली. तिने छाती भरून घेतली. "माझे वडील. मला त्यांची लाज वाटत होती."