खालून आलेली ओ

सायकली भाड्याने देणाऱ्या अनिमेषने दोन्ही सायकलींचे ब्रेक दाबून पाहिले, चाकांतली हवा अंगठ्याने चाचपली आणि नेहमीच्या सूचना हिंदीतून भराभर सांगून टाकल्या. वाट एकच, कुठे फाटा नाही. नऊ किलोमीटर उतार, तासाभरात खालच्या पार्किंगला पोहोचाल. तीननंतर तिहामाच्या सखल भागातून धुकं वर चढतं. चढलंच, तर सायकलवरून उतरून जागच्या जागी उभं राहायचं. वीस-पंचवीस मिनिटांत उघडतं.

"और साहब, ऊपर चिल्लाना मत," हेल्मेटचा पट्टा ओढून देत तो म्हणाला. "बंदर भडकते हैं।"

नूरुद्दीनने मान डोलावली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तीन दिवस तो आतल्या आत धुमसत होता. अल-खोबरजवळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात तो इंजिनिअर होता. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं त्याच्या हाताखाली. आकडा खोटं बोलत नाही असं तो नेहमी म्हणायचा. आणि तीन दिवसांपूर्वी त्याच्या मुलीच्या, अरवाच्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा आकडा आला होता. शून्य. उत्तरं चुकली म्हणून नव्हे. तिने एकाही प्रश्नाला हात लावला नव्हता.

सहल आधीच ठरलेली होती. "रद्द नाही करायची," तबस्सुमने नवऱ्याला बजावलं होतं. "तिला सायकल आवडते. दोघं बरोबर जा, बोला जरा एकमेकांशी." ती स्वतः खाली पार्किंगमध्ये गाडी घेऊन थांबणार होती.

दुपारी सव्वादोनला बापलेक निघाले. अभा शहराजवळचा तो डोंगर नूरुद्दीनने पाहिलेल्या सौदीसारखा नव्हताच. अरअरची जुनाट झाडं, फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं करडं शेवाळ, हवेत राळेचा वास. एका बाजूला पाथरवटाने कापल्यासारखा उभा कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मध्ये हातभर रुंदीची वाट. सतरा वर्षांची अरवा त्यावरून अशी सुटली की वळणावळणाला फक्त तिच्या मागच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची. श्रीवर्धनला भाड्याच्या सायकली चालवलेला तिचा बाप दोन्ही ब्रेक आवळून मागून येत होता. हाताची बोटं दुखत होती आणि राग चढत होता.

चार किलोमीटरच्या पाटीपाशी एक सपाट कातळ होता. अरवा त्यावर बसून पाणी पीत होती. त्याला पाहून ती चक्क हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"अब्बा, डिड यू सी दॅट लास्ट टर्न?"

तिचं ते हसणंच त्याला सहन झालं नाही.

"हसतेस कशी तू? रियाधला तीन तास मी बाहेर गाडीत बसून दुवा करत होतो. तू आत काय करत होतीस?"

"नथिंग. आय जस्ट सॅट देअर." तिने बाटलीचं झाकण लावलं. "आय टोल्ड यू सो मेनी टाइम्स, अब्बा. यू डोन्ट लिसन."

"मराठीत बोल! घरात सतरा वर्षं कोणती भाषा ऐकलीस? दादीशी फोनवर दोन शब्द बोलता येत नाहीत तुला. मला अशी मुलगी नको होती, कळलं? माझ्या भाषेत बोलेल, सांगितलेलं ऐकेल, अशी हवी होती मला!"

आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. शेवटचे चार शब्द तर स्पष्ट ऐकू आले. अरवाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण रडूही नव्हतं.

"ओके," ती म्हणाली.

एवढंच. त्या एका शब्दाने त्याचं डोकं आणखी भणाणलं. "ये मागून, यायचं असेल तर," म्हणत त्याने सायकल उतारावर घातली आणि मागे वळूनही न पाहता निघून गेला.

सात-आठ वळणं गेल्यावर थंडगार वाऱ्याचा झोत अंगावर आला. दरीतून पांढरं काहीतरी वर येत होतं. आधी खालची झाडं गेली, मग वाटेची कड, मग त्याचं स्वतःचं पुढचं चाक. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तो उतरून उभा राहिला. चष्म्यावर पाणी, बाहीवर पाणी. कुठेही आवाज नव्हता. माकडांचाही नाही.

पोरगी एकटी आहे हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचाही त्याला रागच आला.

"अरवा!" वर तोंड करून तो ओरडला.

"येतंय, अब्बा."

ओ आली. पण आली ती खालून.

तो चमकला. वाट एकच होती. ती त्याला ओलांडून गेली नव्हती. हातभर रुंदीच्या वाटेवर ओलांडणार कशी? प्रतिध्वनी म्हणावा, तर कडा माणसाचे स्वतःचे शब्द परत देतो, उत्तर देत नाही. आणि 'येते' न म्हणता 'येतंय' म्हणणं हे त्याच्या आईच्या तोंडचं, श्रीवर्धनकडचं. अरवाने तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता.

"अरवा, कुठे आहेस?"

"येतंय, अब्बा." आता जवळून. पाच-दहा पावलांवरून.

धुक्यातून ती सायकल ढकलत वर आली. तोच निळा ढगळ शर्ट, तेच हेल्मेट. नूरुद्दीनच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. तिच्या बाह्या कोरड्या होत्या.

"तू पुढे कधी गेलीस?"

"चुकलं माझं, अब्बा," ती म्हणाली. स्वच्छ, संथ मराठीत. "मी परत परीक्षेला बसते. तुम्ही म्हणाल ते शिकते."

तीन दिवस हेच ऐकायला त्याचे कान आसुसले होते. तिने सायकल वळवली. चाक फिरत होतं, पण टिकटिक येत नव्हती.

टिकटिक आली ती वरून.

टिक. टिक. टिक. कोणीतरी सायकल हातात धरून जपून उतरत होतं. सात-आठ वळणं वर. मग हाक.

"अब्बा? व्हेअर आर यू?"

नूरुद्दीनने समोरच्या मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती, शांतपणे, त्याने काही सांगावं याची वाट बघत.

"अब्बा, आय कान्ट सी एनीथिंग. प्लीज!"

आवाज कापत होता. अरवाचा आवाज. लहानपणी ताप आला की असाच कापायचा.

त्याने तोंड उघडलं. ओ द्यायची होती, फक्त एक शब्द.

आणि त्या क्षणीसुद्धा, मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून कोण जाणे, राग उसळून वर आला. अजून इंग्रजीतच. अशा वेळीही इंग्रजीतच.

त्याने तोंड मिटलं.

"चला, अब्बा," समोरची म्हणाली. "अम्मी वाट पाहतेय."

ते खाली निघाले. मागून हाका येत राहिल्या. मग वळणं वाढत गेली आणि हाका लहान होत गेल्या.

पार्किंगमध्ये लख्ख ऊन होतं. तबस्सुम धावत आली, तिने लेकीला मिठी मारली. "उशीर झाला, अम्मी. काळजी करत होतीस ना?" मुलीने मराठीत विचारलं. तबस्सुमचे हात हळूहळू खाली आले. तिने मुलीच्या खांद्यावरून डोंगराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अरवा मागे आहे का?" तिने विचारलं.

"ही काय समोर उभी आहे!" तो केवढ्यांदा तरी ओरडला. आजूबाजूचे लोक बघायला लागले.

तबस्सुम त्या संध्याकाळीच पोलिसांकडे गेली. अधिकारी सज्जन होता. त्याने मुलीचा इकामा, तिथला रहिवासाचा परवाना, पाहिला, तिच्या बोटांचे ठसे घेतले. ठसे जुळले. तरी या बाईच्या समाधानासाठी दुसऱ्या दिवशी दोन माणसं सगळी वाट चालून आली. वर कोणी नव्हतं. "खलास, मॅडम," अधिकारी म्हणाला. "मुलगी तुमच्या शेजारी बसलीय."

मुलगी खरंच शेजारीच बसली. अल-खोबरच्या घरात ती पहाटे उठून अभ्यास करू लागली. दादीशी फोनवर तासन्तास बोलू लागली. श्रीवर्धनला म्हातारी आनंदाने रडायची. पुढच्या परीक्षेत तिला एवढे गुण मिळाले की प्रकल्पावरच्या लोकांनी नूरुद्दीनला मिठाई आणायला लावली. ती कधी उलट बोलली नाही, कधी दार आपटलं नाही. नूरुद्दीन कधी उगाच तिच्यावर खेकसायचा, ताट बाजूला सारायचा, बघू काय करते म्हणून. "चुकलं माझं, अब्बा," ती म्हणायची आणि वाट बघत उभी राहायची.

तबस्सुम तिला वेळेवर जेवायला वाढायची, पण नावाने हाक मारायची नाही. महिन्यातून एकदा ती दम्मामहून विमानाने अभ्याला जायची, एकटी. दोन दिवसांनी परतायची. नवऱ्याशी बोलणं तिने टाकलंच होतं. तो बरोबर येतो म्हणाला नव्हता, आणि तिने विचारलंही नव्हतं.

आठव्या खेपेनंतर मात्र त्याला राहवलं नाही. ती दारात वाकून बुटांची नाडी सोडत होती.

"ऐकू येतं का काही?" त्याने विचारलं.

तबस्सुमने वर पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिच्या डोळ्यांत एवढा राग त्याने कधी पाहिला नव्हता.

"येतं. रोज तीननंतर. मी ओ देते, घसा फाटेपर्यंत देते. पण ती मला नाही, तुम्हाला हाक मारते."

तिने दोन्ही बूट उचलून कोपऱ्यात ठेवले.

"आता आवाज बसत चाललाय तिचा."