पिठाची जागा

‘बालवाडीच्या मागील भिंतीलगतची ओल मुलांच्या पाण्याच्या खेळामुळे आहे. डोंगराचा उतार पूर्णतः सुरक्षित आहे. – बांधकाम विभाग.’

फाटकावरच्या या सूचनेचा शिक्का ताजा होता, आणि तिच्या दोन वाक्यांपैकी एकही खरे नव्हते.

पहिलेच घ्या. डोंगरपायथ्याच्या कामिओरी गावातल्या या बालवाडीत काय खेळायचे ते मुलेच ठरवत. अंगणात बांबू, फळ्या, दगड आणि माती असे. बाकीचे मुलांच्या डोक्यातून येई. या उन्हाळ्यात सगळ्यांना वेड होते चिखलगोळ्यांचे. ओल्या मातीचा गोळा वळायचा आणि त्यावर मैद्यासारखी कोरडी माती चोळत राहायची, तो काचेसारखा चकाकेपर्यंत. तशी माती एकाच ठिकाणी मिळे : मागच्या भिंतीलगत, वळचणीखाली. मुले त्या ठिकाणाला ‘पिठाची जागा’ म्हणत. तिथे पाणी नेणाऱ्याशी कुणी बोलायचे नाही, हा कायदा पाच वर्षांच्या नागरिकांनी स्वतः केला होता आणि बांधकाम विभागाच्या कायद्यांपेक्षा तो बराच काटेकोरपणे पाळला जात होता.

दुसऱ्या वाक्याचा समाचार डोंगरच घेणार होता.

“ताई, पीठ मेलं!” पाच वर्षांचा ताइची धावत आला. सहावीतली कोतोने सुट्टीत आपल्या या धाकट्या भावाशी खेळायला रोज यायची; सोबत तिचा वर्गमित्र हायाते.

“मेलं म्हणजे?”

“ओलं झालं!”

“तूच चड्डीत शू केली असशील!” हायाते खिदळला.

“मी मोठ्या गटात आहे!”

कोतोनेने जमिनीवर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला. ऑगस्टातल्या भर उन्हाळ्यात ते पाणी बर्फासारखे गार होते. ते खालून वर येत होते, राखाडी आणि गढूळ. आठवडाभरात पावसाचा थेंब नव्हता. वादळ तर संध्याकाळी येणार होते! याच भिंतीपलीकडे दुपारी वीस चिमुरडी झोपत. आजही झोपणार होती, आणि त्यांत ताइचीही.

“ही आपल्या डोंगराची माती नाहीये,” ताइची नाक मुरडून म्हणाला. “आपली लाल असते. हिचा गोळा फुटतो.”

कोतोने डोंगराकडे वळली. “हायाते, वर चल!”

“वर? ‘प्रवेश बंद’ची पाटी आहे तिथं!”

“म्हणूनच!”

देवदारांच्या रांगेत ती दोघे चढली. सिकाडा किड्यांची किरकिर एकाएकी थांबली. कित्येक झाडे बालवाडीच्या दिशेने कलली होती. वर, जिथे नाला असायचा, तिथे राखाडी मातीचा अवाढव्य ढीग होता. त्यात फुटक्या काँक्रीटचे तुकडे. नाल्याचे पाणी वाहून नेणारा जाड पाइप कुठेच दिसेना. कोतोनेच्या पायाखाली काहीतरी गुडगुडले. मग तिच्या दोन पावलांमधून, अगदी सावकाश, एक भेग सरकत गेली.

“पळ!” हायाते ओरडला. आता तो हसत नव्हता.

बालवाडीच्या माडोकाबाईंनी दोघांचे चिखलाने माखलेले पाय पाहिले. रागावणे त्यांच्या रीतीत नव्हते. “काय पाहिलंत?” एवढेच विचारून त्यांनी सगळे ऐकले आणि फोन उचलला. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाचे प्रमुख कुराताकाका टोफूचे दुकान तसेच टाकून आले. मागोमाग इस्त्रीच्या शर्टात बांधकाम विभागाचे असानुमासाहेब.

“पोरांनी नळ उघडा ठेवलाय,” साहेब हसले. “उगीच घबराट नको.”

कोतोने पुढे झाली. तिने विचारले, “मग मुख्य नळ बंद करू?”

“खुशाल कर.”

हायातेने नळ बंद केला. अंगणातली तोटी सुकली. पिठाच्या जागेतून मात्र पाणी येतच राहिले, आधीपेक्षा दाट.

“जुनं पाणी मुरलेलं असतं,” साहेब घाईने म्हणाले. “उतार सुरक्षित आहे. मी लिहून दिलंय ना?”

“काका, मग एक करा ना,” कोतोने म्हणाली. “मुलं आता झोपतील. भिंतीलगत माझ्या भावाची गादी आहे. वादळ जाईपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ बसा.”

ताइचीने साहेबांचे बोट धरले. “या ना काका! मी तुम्हाला उशी देतो!”

साहेबांनी भिंतीकडे पाहिले. मग बोट सोडवून घेतले आणि एक पाऊल मागे सरकले. फाटकाच्या दिशेने.

कुराताकाकांना तेवढे पुरले. “सगळ्यांना बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता!”

चिमुरड्यांची रांग कोतोनेच्या शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचली. संध्याकाळी पाऊस कोसळू लागल्यावर डोंगरातून एक लांब, खोल आवाज आला. कोतोनेने ताइचीला इतके घट्ट धरले की तो ओरडला. झोपायची खोली चिखलाखाली गेली होती. तिच्यात कुणीही नव्हते.

“माझ्या सगळ्या पथकाला जे दिसलं नाही, ते या पोरांना दिसलं!” कुराताकाकांनी सर्वांदेखत तिघांसमोर कमरेत वाकून नमस्कार केला. माडोकाबाई म्हणाल्या, “ताइची, आज तू आम्हाला शिकवलंस.” कोतोनेने मात्र अजून ताइचीचा हात सोडला नव्हता.

मग पालकांची गर्दी असानुमासाहेबांभोवती जमली. त्यांनी खाली बघत जे सांगितले, ते जसेच्या तसे असे :

“वर टाकलेल्या आमच्याच बांधकामांच्या मातीखाली नाल्याचा पाइप गाडला गेलाय आणि पाणी डोंगरात मुरतंय, हे मला वसंतातच कळलं होतं. ढीग उचलायला लावला असता, तर ती माती तिथं टाकायची परवानगी माझीच होती हे उघड झालं असतं. सूचनेत पोरांचं नाव घातलं, कारण एवढीशी पोरं, त्यांना कोण विचारतंय, असं मला वाटलं.”