काठावरचं जंगल

नकाशात जंगल होतं आणि प्रत्यक्षात तिथे एक तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत बूट, हातात पाण्याची उंची मोजायची पट्टी आणि चेहऱ्यावर मिश्कील हसू.

"काही शोधताय?"

"जंगल," ती म्हणाली.

त्याने डावीकडे पाहिलं, नदी. उजवीकडे पाहिलं, घरं. मध्ये एक कुत्रा झोपला होता. "आत्ताच उठून गेलं वाटतं," तो म्हणाला.

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. उपग्रहाच्या चित्रावरून पुराचा नकाशा करायचं काम तिच्याकडे होतं. ऑफिसात तिला सगळे नकाशाबाई म्हणत. आणि तिच्याच नकाशात, जिथे धड झुडूप नव्हतं तिथे, नदीच्या काठाने हिरवीगार झाडी उगवली होती.

तो जलमापन खात्यातला निघाला. तिने मनातल्या मनात त्याचं 'पाणीवाला' असं बारसं करून टाकलं. मग काय, पाणीवाला रोज काही ना काही निमित्त काढून नकाशा विभागात उगवायला लागला. "सापडलं का जंगल?" असं दारातूनच विचारायचा. तो आला नाही की तिचा दिवस अळणी जायचा, पण हे ती स्वतःशीही कबूल करत नव्हती.

अशातच मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून तिला बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिने पाणीवाल्याला सांगितलं आणि श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिली.

"जा ना! अशी संधी पुन्हा येत नाही," तो म्हणाला.

आणि दुसऱ्याच दिवशी, रिमझिम लागली तेव्हा, सगळी छत्री तिच्या डोक्यावर धरून तो स्वतः भिजत बसस्टॉपपर्यंत आला. आता याला काय म्हणायचं? आवडते म्हणावं, तर जा म्हणतो. नाही म्हणावं, तर भिजतो.

ती आत्याकडे राहायची. आत्या म्हणाली, "सरळ विचार की! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर खुशाल जा. आणि हो म्हणाला तर…" आत्या थांबली. "हो म्हणाला तर गं काय करशील?"

आता आत्याचाही गोंधळ झाला.

शुक्रवारी दुपारी तो आला आणि खुर्ची ओढून तिच्या स्क्रीनसमोर बसला. "मला नीट समजावून सांगा. हे जंगल येतं कुठून?"

"अहो, उपग्रहाचं चित्र गोल पृथ्वीवरच्या अंशांत असतं. आपला नकाशा सपाट, मीटरमध्ये मोजलेला. त्यावर चित्र बसवताना त्यातले चौकोन सरकतात. शिवाय तुमच्या खात्याला चौकोन मोठे हवे होते. म्हणून बारीक चौकोन एकत्र करून मोठे केले."

"आणि मोठ्या चौकोनाला आकडा कुठला दिलात?"

"आतल्यांची सरासरी. प्रत्येक चौकोनात काय आहे ते आकड्याने लिहितो. पाणी म्हणजे एक, घरं म्हणजे तीन, त्यांची सरासरी…" ती मध्येच थांबली. कपाळावर हात मारून घेतला. "दोन! दोन म्हणजे जंगल! अहो, हे आकडे नुसती नावं आहेत, आणि मी नावांची सरासरी काढत बसले!"

"मग आता?"

"मोठ्या चौकोनाच्या मध्याला सगळ्यात जवळ जो बारीक चौकोन, त्यात जे असेल, ते जसंच्या तसं घ्यायचं."

तिने तसं केलं. झाडी गेली आणि काठालगतची घरं वर आली. पुराचा धोका नेमका त्याच घरांना होता, आणि इतके दिवस ती झाडीखाली दडली होती. नकाशा तसाच गेला असता तर? आणि त्याच धसक्यात तिला दुसरंही काही उमगलं.

"एक विचारू?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही जा म्हणालात. मग भिजलात. मी दोन्हींची सरासरी काढली… काहीच नाही, असं उत्तर आलं."

पाणीवाल्याचे कान लाल झाले. तो बुटांकडे पाहत राहिला.

"दोन्ही खरं आहे," तो म्हणाला. "जा म्हणालो तेही. ते काम तुझ्याच हातचं आहे. आणि तू मला आवडतेस… जंगल शोधत होतीस ना, तेव्हापासून."

"मग मी काय करू?"

"मला काय माहीत! माझंच काही कळत नाही, म्हणून तर रोज येतो इथे!"

ती खळखळून हसली. मग स्क्रीनकडे वळून मुख्य कार्यालयाला उत्तर लिहिलं आणि पाठवून दिलं.

"जातेय मी," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, तरी त्याने मान डोलावली. "आणि मलाही तू आवडतोस. दोन्ही जसंच्या तसं घे. आता एवढंच विचारून घे तुझ्या खात्यात, तिकडे एखादी नदी आहे का."

पाणीवाल्याने तिथल्या तिथे फोन काढला. "साहेब, बदलीसाठी अर्ज कुणाकडे करायचा?"

नदीचं विचारायला मात्र तो साफ विसरला.