सारजाचा मुक्काम

इंदापूरच्या कचेरीत जुनं दप्तर ठेवलेल्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती रस्त्याच्या अंगाला. त्यामुळे एसटीचा धूर आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज दोन्ही बिनदिक्कत आत यायचे. त्र्याण्णव सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत मनिषा रोज बारामतीहून सकाळच्या गाडीनं तिथं येऊन बसायची. कॉलेजात ती इतिहास शिकवायची, मोडी तिला वाचता यायची. दप्तर बघायच्या परवानगीसाठी तिनं इतके हेलपाटे घातले की शेवटी शिपाईच तिच्या वतीनं साहेबांशी बोलायला लागला.

तिला जुन्या खानेसुमारीतलं, म्हणजे शिरगणतीतलं, एका मुक्कामाचं नाव हवं होतं. ते मिळाल्याशिवाय तिचे वडील, तात्या, सुखानं डोळे मिटणार नव्हते, आणि डॉक्टरांनी तर हात टेकले होते. तात्या लासुर्ण्याच्या घरी अंथरुणाला खिळले होते. भावाची बायको सुकन्या त्यांचं सगळं बघायची. भाऊ लोणी देवकरच्या कारखान्यात पाळी सांभाळायचा.

तात्यांचं नाव म्हस्कू. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. एकतीस साली पाण्यापायी त्यांचा वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, भीमेच्या अंगाला वळला होता. एका दिवेलागणीला शिरगणतीचा कारकून कंदील घेऊन तळावर आला. धनगर मेंढरं मोजत नाहीत. नुसती नजर फिरवली की कोण कमी आहे ते त्यांना कळतं. मोजलेलं लांडगा नेतो म्हणतात. पोरांचंही तेच. म्हस्कूला कारकुनानं पाहिलंच होतं, पण त्याच्या धाकट्या बहिणीला, सारजाला, बापानं, गेणूनं, ओढ्याकाठच्या झुडपात नेऊन बसवलं. "मोजणारा जाईस्तवर गप बस. आमी हाक मारू," म्हणाला.

कारकून पाल्हाळ लावत बसला. तो गेला तेव्हा गेणूचा डोळा लागला होता. अंधारातच तळ उठला. आई धोंडाबाईला वाटलं, पोर चुलतीच्या घोड्यावर आहे. चुलतीला वाटलं, आईच्या. मोजायची रीत नव्हती आणि अंधारात नजर चालेना, तर चुकलेलं कळणार कसं? पुढच्या मुक्कामावर कळलं तेव्हा सगळे उलटे धावले. पण साऱ्या मुलखातल्या विहिरी ज्यांना तोंडपाठ, त्या माणसांना तो ओढा काही सापडला नाही. गेणूनं त्या जागेचं नाव मरेपर्यंत पुन्हा घेतलं नाही. धोंडाबाईनं मात्र मरताना म्हस्कूकडून वचन घेतलं, की तिथं जाऊन सारजाला हाक मारून घरी आणीन.

मनिषाला गेणूची ओळ सापडली. गेणू, धोंडाबाई, म्हस्कू. त्याच्या खाली, त्याच हातानं: सारजा, वय पाच, एकटी. म्हणजे कारकुनानं तिला पाहिलं होतं. मुक्कामाच्या रकान्यात मात्र शाई फरफटली होती, ओल्या अक्षरांवर कुणी तळवा टेकवावा तशी.

तिनं कारकुनाच्या अक्षराचं वळण हेरलं. तो कुठं हात उचलतो, कुठं फाटा काढतो ते दुसऱ्या पानांवर पाहून वहीत गिरवलं, तो कोणत्या क्रमानं गावं फिरला ते मांडलं, आणि एका दुपारी नाव लागलं: लोणीच्या वरचा ओढा. तिला रडू फुटलं. शिपायानं न विचारताच चहा आणला.

तेवढ्यावर ती उठली असती तर बरं होतं. पण शोधणाऱ्या माणसाला थांबणं ठाऊक नसतं. तिनं पुढचा गठ्ठा सोडला, एक्केचाळीस सालचा. फिरस्त्यांच्या यादीत ओळ होती: सारजा, वय पाच, एकटी. हात वेगळा, शाई वेगळी, मुक्कामावरची फरफट मात्र तीच. अर्ध्या दिवसात तिनं नाव सोडवलं. शेळगाव.

शेळगावहून लासुर्णे जवळच. एक्केचाळीसपर्यंत गेणूनं मेंढरं सोडून कालव्याच्या पाण्यावर लासुर्ण्यात जमीन धरली होती.

तिनं एक्कावन्नचा गठ्ठा सोडला. सारजा, वय पाच, एकटी. त्या फरफटीखालचं नाव वाचायला तिला वेळच लागला नाही. लासुर्णे, म्हस्कू गेणूचा उसाचा बांध.

ती दुपारच्या गाडीनं लासुर्ण्याला उतरली. तात्यांपासून लपवावं असं तिच्या मनात शंभरदा आलं, पण त्यांनी तिचा चेहरा वाचला. तिनं वही उघडून तिन्ही ओळी वाचून दाखवल्या.

तात्यांनी नजर वाशांकडं वळवली. मग म्हणाले, "म्हंजी दारात हाय व्हय ती? अन् आमी मुलूख धुंडला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. हसावं की ऊर बडवावा, मनिषाला कळेना.

त्यांची खाट ओसरीत आणली, उसाकडं तोंड करून. तात्यांनी हाक मारली.

"सारजे, ये गं. गेला त्यो मोजणारा."

वारा पडलेला होता. तरी मधल्या सऱ्यांत कुठंतरी ऊस हलला. मनिषा खाटेच्या कडेला बसून लिहीत होती. काही निसटू नये म्हणून ती सगळंच लिहायची. तात्यांनी पुन्हा हाक मारली. ऊस जवळ हलला, अगदी बांधापर्यंत. तिथं थांबला.

"ये गं बाय. म्या म्हस्कू हाय."

उसाचं वाळलेलं पाचटही वाजलं नाही.

तात्या हाका मारत राहिले. घसा फाटला, तोंडातून नुसती हवा निघायला लागली, तरी ओठ हलतच होते. मनिषानं त्यांना पाणी पाजलं, घाम पुसला आणि पुन्हा वही घेऊन बसली. इतकं हतबल तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तिन्हीसांजेला ते एवढंच बोलले, "माझी हाक तिला पटंना." आणि मान भिंतीकडं वळवली.

दिवे लागायच्या आत ते गेले. धोंडाबाईला दिलेलं वचन राहिलं ते राहिलंच. आता सारजाला पाहिलेलं जगात कुणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मनिषा ओसरीत कागद पसरून बसली होती. तात्या गेल्याची तारीख लिहायची होती. सुकन्या वैरणीचा भारा घेऊन उसातून आली, भारा टाकला आणि पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"वन्सं, बांधाच्या आतल्या अंगाला एक बारकी पोरगी बसलीया. कुणाची हाय, ठावं न्हाय. तात्या गेल्यापासनं बगतीय मी."

मनिषानं कागदावरून मान वर केली.

"पुढं यायला भितीया. मला रोज एकच इचारती," सुकन्या म्हणाली, "मोजणारी बाई गेली का म्हून."

मनिषाच्या हातातलं पेन उघडंच होतं.