निवांत्या

शेवती नदीवर आता कुणी गप्प बसून मासे धरत नाही. पूर्वी गळ टाकणाऱ्यानं खोकला आला तरी तो गिळायचा, असा दंडकच होता. एक मासा गळातून निसटला की सगळा डोह उठायचा, आणि मग दिवस मावळेपर्यंत दोरी हलायची नाही. आता पाचकोंडी वाडीतल्या बायका काठावर बसून भांडल्यासारख्या गप्पा मारतात, मोबाइलवर गाणी लावतात, पोरं शेजारीच डुंबतात, आणि मासे आपले येऊन गळाला लागतात. लागल्यावर धडपडतही नाहीत. दोरी नुसती जड होते. दगडावर काढून ठेवलेला मासा कल्ले हलवत पडून राहतो. जिवाची म्हणून जी तडफड असते, ती नाहीच.

या माशाचं कागदोपत्री नाव हातभर लांब आहे. वाडीनं त्याला निवांत्या म्हटलं आणि तेच चिकटलं.

सुगंधा हिलम त्या दिवशी काठावर बसली होती. समोर तोच डोह होता जिथं तिच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, शेवटची बुडी मारली होती. त्याला जाऊन पावसाळा उलटला होता. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. आपल्याला काही वाटत नाही, याचंही फारसं वाटत नव्हतं. चप्पल उलटी घातली गेल्याचं लक्षात यावं तसं ते कधीतरी लक्षात यायचं, एवढंच.

निवांत्या आला कुठून, हे सांगायला हवं. शेवतीच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आहेत. त्यांचं धुवण नदीत आलं की पाण्यातला प्राणवायू कमी व्हायचा आणि उन्हाळा लागताच मासे पोट वर करून तरंगायचे. शास्त्रज्ञांनी मेलेले मासे तपासले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. मासे निव्वळ गुदमरून मरत नव्हते, घाबरून मरत होते. दम लागला की मासा घाबरतो, घाबरला की सैरावैरा पळतो, पळाला की आणखी प्राणवायू खातो. तोच मासा शांत राहिला असता तर तेवढ्या पाण्यात तग धरू शकला असता. मग त्यांनी एक जिवाणू घडवला. तो माशाच्या आतड्यात राहायचा आणि तिथं एक द्रव्य तयार करायचा. या द्रव्याला त्यांनी शमक असं नाव दिलं. शमक रक्तातून मेंदूत जाई आणि भीतीची तार सैल करून टाकी. विष अंगाला लागे, पण मनाला लागत नसे. असे मासे शेवतीत सोडले आणि दोन-तीन पावसाळ्यांत नदी माशांनी फुलून गेली.

सगळ्यांचं भलं झालं. नदीची तब्येत मोजायची सरकारी रीत म्हणजे मासे मोजणं. मासे भरपूर म्हणजे नदी ठणठणीत. कारखानेवाल्यांनी गंगेत घोडं न्हालं म्हणून हात झटकले. वाडीला पुन्हा रोजचं कालवण मिळालं. पाणी मात्र होतं तसंच होतं, किंबहुना जरा जास्तच काळं.

डॉ. अनुया सबनीस त्या दिवशी वाडीत आल्या त्या माशांचे नमुने घ्यायला. निवांत्या त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या सुगंधाशेजारी दगडावर बसल्या आणि सहज म्हणाल्या, "काय सुगंधाताई, रोहिदासदादा दिसले नाहीत? मागच्या वेळी वाम मासा धरून दाखवतो म्हणाले होते."

"तो मेला," सुगंधा म्हणाली. "हितंच. वाम काढायला कपारीत हात घालाया उतरला. वर आला तो ओकत. तोंडातनं फेस. तालुक्याच्या दवाखान्यात नेला, पन नाय वाचला. डाक्टर बोलला, कीटकनाशकाचं पानी अंगात मुरला."

गळाला मासा लागला होता. तिनं तो काढला, आमिषाचं दुसरं गांडूळ लावलं आणि दोरी पुन्हा पाण्यात सोडली.

अनुयाबाईंनी दोरीकडे बघत विचारलं, "पाणी खराब आहे हे कळलं नाही त्यांना? वास, रंग..."

"माशाला इचारलं व्हतं की."

माशाला विचारणं ही पाचकोंडीची जुनी चाल. पाण्यात उतरण्याआधी, पाणी पिण्याआधी, पोराला आंघोळ घालण्याआधी काठाशी मूठभर शिजला भात टाकायचा. बारीक मासे भाताला आले तर पाणी चांगलं. आले नाहीत किंवा येऊन पळाले, तर त्या दिवशी नदीला पाठ दाखवायची. कारखाने आले तरी या चालीनं वाडी तगली होती, कारण मासा खोटं बोलत नाही. रोहिदासनं त्या दिवशीही भात टाकला होता. मासे झुंबड करून आले होते.

अनुयाबाईंचा चेहरा उतरला. आपल्या माशानं एक माणूस मारला हे त्यांना तिथंच, त्या दगडावर कळलं. पण त्यांना दुसरंही काही खटकत होतं.

"ताई, तुम्ही हे इतकं शांतपणे सांगताय."

"मग कसं सांगू?"

"रडला असाल ना तेव्हा?"

"नाय," सुगंधा म्हणाली. "कुनीच नाय रडला. मयत उचलला, पोचवला, घरी येऊन जेवलो. माझी लेक पनवेलला पार्सलच्या गोदामात हाय, अक्षता. ती आली ती बापाच्या अंगावर पडून रडली. मग माझ्याकडं बघितलं तिनं. बोलली, आये, तुझ्या डोळ्याला टिपूस नाय, तुला तो नकोच व्हता. तिसऱ्या दिवशी गेली. आता फोन उचलत नाय."

"तुम्हाला काय वाटलं?"

सुगंधानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "भूक लागली व्हती," ती म्हणाली.

अनुयाबाईंनी तिचं रक्त घेतलं. वाडीतल्या आणखी काही जणांचंही घेतलं. सुई टोचताना एकही पोर रडलं नाही. दहाबारा दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा चांगल्याच हादरलेल्या होत्या. त्यांनी सुगंधाला चुलीपाशी बसवून समजावून सांगितलं. शमक माशाच्या मांसात साठतो. शिजवल्यानं तो जात नाही. हळद शिजून पिवळीच राहते तसं. रोज निवांत्या खाणाऱ्या माणसाच्या अंगातही तो साठतो.

"भीती आणि दुःख या मेंदूतल्या शेजारणी आहेत, ताई. एकीचं दार बंद केलं की दुसरीचंही होतं. आम्ही हे माशापुरतं बघितलं. माशाच्या दुःखाचा विचार कोण करतो?"

"म्हंजी मी काळजाची दगड नाय?"

"नाही. तुम्ही मासे खाल्लेत, एवढंच. महिना-दीड महिना सोडलेत तर सगळं परत येईल. पण..." बाई अडखळल्या. "परत येईल म्हणजे सगळंच येईल. रोहिदासदादांचं दुःखही. ते आजच गेल्यासारखं."

सुगंधा चुलीतलं लाकूड मागं सरकवत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती, पण तीच तर अंगात नव्हती. "लेकीसमोर रडता येईल?" तिनं विचारलं.

"येईल."

"मग सोडते."

बाई निघाल्या. वर अहवाल देणार होत्या, मासा बंद करायला लावणार होत्या. जाताना त्यांनी डोळे पुसले. सुगंधा त्या ओल्या डोळ्यांकडे नवलानं बघत राहिली.

तिनं निवांत्या सोडला. डाळ, सुकी मिरची, रानातला पाला यांवर दिवस काढू लागली. पहिल्यांदा परत आला तो वास. एका सकाळी ती हंडा घेऊन नदीवर गेली आणि काठावरच थबकली. सडक्या अंड्यांचा आणि जळक्या रबराचा वास छातीत शिरत होता. तो रोजच येत असणार, पण त्यानं कधी कुणाला परतवलं नव्हतं. तिनं शेजारच्या यमीला विचारलं, "वास येतोय ना गो?"

"येतोय की," यमी म्हणाली आणि हंडा बुडवला.

मग झोप गेली. मग एके दिवशी ती खुंटीवरचा रोहिदासचा सदरा काढायला गेली. काढून बोचक्यात टाकायचा होता, बाकी काही नाही. हातात घेतला आणि तसाच छातीशी धरला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. वाम धरताना तोंडात बिडी विझलेली ठेवून बुडी मारणारा, बाजारातून येताना तिच्यासाठी भजी खिशात आणून सदऱ्याला तेल लावून घेणारा, तो माणूस गेला होता. आणि त्याला पोचवून ती जेवली होती. दोन वेळा भात घेतला होता. ते आठवून ती कपाळ बडवू लागली.

आवाज ऐकून वाडी गोळा झाली. दारात उभे राहून सगळे शांतपणे बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी जवळही आलं नाही. शेवटी यमी वाटीभर कालवण घेऊन आली. "मासं सोडलीस ना, म्हनून असं व्हतं," ती मायेनंच म्हणाली. "खा थोडं. बरं वाटंल."

सुगंधानं वाटी भिरकावली. यमीनं ती उचलून धुतली.

त्यानंतर सुगंधाला शांती अशी राहिलीच नाही. पोरं डोहात उतरली की ती धावत जायची, "भायेर निघा रं, मराल!" म्हणून ओरडायची, एकेकाचं बखोट धरून ओढून काढायची. पोरं विरोध करत नसत. काढून काठावर ठेवलं की थोडा वेळ तशीच राहत, आणि ती वळली की पुन्हा उतरत. पोरांच्या आया म्हणत, "राहू दे ना, मासं हायती की पान्यात." त्यांना ती सगळं सांगे, डॉक्टरबाईंनी सांगितलेलं शब्दनशब्द. त्या ऐकून घेत. "असंल," म्हणत. वाडीत एवढ्या जणांच्या वाटची धास्ती ती एकटी वाहत होती, आणि त्यात ती वाळून अर्धी झाली.

अनुयाबाईंचा फोन तिनं पुन्हा पुन्हा लावला. लागला तेव्हा बाई म्हणाल्या, "अहवाल दिलाय, ताई. समितीत अडकलाय. उलट माशाची मागणी वाढली आहे. शहरात पाठवायला सुरुवात झाली." आवाजात रडू होतं. निदान ते तरी ऐकून सुगंधाला बरं वाटलं. खरंच, बर्फाच्या पेट्या लादलेला टेम्पो आता वाडीच्या तोंडाशी रोज यायला लागला होता.

सुगंधाला आता एकच आशा होती. वर्षश्राद्धाला अक्षता येणार होती. भावकीतल्या एकाच्या हाती निरोप आला होता. लेकीच्या गळ्यात पडून एकदा दोघींनी मिळून रडायचं. आये, तुला तो नकोच होता, हे शब्द तिच्या तोंडून परत घ्यायला लावायचे. एवढ्यासाठी तर तिनं हा सगळा वणवा अंगावर घेतला होता.

अक्षता आली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. सुगंधानं तिला दारातच मिठी मारली आणि बांध फुटला. "बाय माझे, मी रडले नाय गो, मला रडताच येत नव्हता, तुझ्या बापाची आन..." ती सांगत गेली. मासा, शमक, सदरा, दोन वेळा घेतलेला भात, सगळं.

अक्षतानं तिची पाठ थोपटली. एका लयीत, बराच वेळ.

"जाऊ दे ना आये," ती म्हणाली. "मला नाही राग आता."

सुगंधा मागं सरली. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. डोळे कोरडे होते. नुसते कोरडे नव्हते, निवांत होते.

"कधीपासनं खातेस?"

"शेवतीचे मासे? कॅन्टीनला रोज असतात आता. स्वस्त पडतात." अक्षता पाटावर बसली. "आधी खूप त्रास व्हायचा गं. बाबा डोळ्यांसमोरून हलायचे नाहीत. तुझा तर असा राग यायचा की वाटायचं, पुन्हा तोंड बघू नये. आता आठवतं सगळं, पण लागत नाही. बरं झालं ना? भांडण मिटलं."

भांडण मिटलं होतं खरं. ज्या माफीसाठी सुगंधानं जीव आटवला, ती तिला मिळाली होती, आणि देणारीला त्याचं काही पडलेलं नव्हतं. रोहिदाससाठी रडणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

श्राद्धाला यमीनं कालवण रांधून आणलं. पानं मांडली. अक्षता आईशेजारी बसली आणि तिनं आपल्या हातानं आईच्या ताटात निवांत्याचा तुकडा वाढला. "खा, आये. किती वाळलीस. एकटीनं कशाला सोसतेस?"

त्या शब्दांत खोटं काही नव्हतं. सुगंधाच्या डोळ्यांना धार लागली होती, समोरचं ताट धूसर झालं होतं. तिनं घास उचलला आणि तोंडात घातला. चव चांगली होती. तिनं दुसरा घेतला.

शमक अंगात भिनायला वेळ लागतो, एका जेवणानं काही होत नाही, हे बाईंनी तिला सांगितलं होतं. जेवण आटोपायच्या आतच बाहेरून पाण्याचा आवाज आला. पोरं डोहात उतरत होती. सुगंधा उष्ट्या हातानं उठली, धावत काठावर गेली आणि जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. एकही पोर वळलं नाही. आणखी काही दिवस ती अशीच धावणार होती, ओरडणार होती. फार तर अमावास्येपर्यंत.