राखून ठेवलेला थकवा

रोज दिवेलागणीच्या सुमारास तेजश्री भोईटेला सकाळचा थकवा यायचा. त्याआधी ती स्वयंपाक उरकून घ्यायची, गरम पाण्याची बादली सोफ्यापाशी आणून ठेवायची आणि त्यात पाय सोडून बसायची. मग फोन वाजायचा. धावण्याच्या गटाचे प्रशिक्षक काटकर सर विचारायचे, बसलात का? ती हो म्हणायची. तिचा नवरा संग्राम टीव्हीचा आवाज कमी करायचा. थोड्याच वेळात तिचे खांदे खाली यायचे आणि डोळे मिटायचे. पहाटे पसरणी घाटात ती जेवढी धावलेली असायची, तेवढं सगळं आता अंगात उतरायचं. मग ती उठून जेवायची पानं घ्यायची. वाईत त्या वर्षी अशी बरीच घरं होती.

ही करामत एका पट्टीची होती. पट्टी दंडावर चिकटवायची आणि कानामागे डाळीएवढं बटण लावायचं. संग्रामचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून सरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं होतं. टाकीत पेट्रोल शिल्लक असतानाच काटा लाल रेघेवर येतो, तसा मेंदूही अंगात ताकद असतानाच थकवा दाखवतो. हे बटण मेंदू आणि स्नायू यांच्यामध्ये पडदा ओढतं. मग राखीव ताकदही वापरता येते. थकवा नाहीसा होत नाही, फक्त मागे राहतो. नंतर माणूस निवांत बसला की सर तो हळूहळू सोडतात.

"आणि राखीव पण संपलं तर?" संग्रामने विचारलं होतं.

"ते पट्टीला कळतं. घाम, ताप, नाडी, सगळं ती रोज टिपते. चार महिन्यांत ती तुमच्या बायकोला तुमच्यापेक्षा जास्त ओळखायला लागेल."

"मग तिलाच जेवायला वाढायला सांगू," तेजश्री म्हणाली होती, आणि सर हसले होते.

तिला वाई ते पाचगणी ही घाटाची शर्यत पूर्ण करायची होती. आदल्या वर्षी वेळ संपली म्हणून तिला अर्ध्या घाटातून बसमध्ये बसवलं होतं. सासरची मंडळी त्यावरून अजून चिडवायची. वहिनी पाचगणीला बसने जाऊन आल्या, असं तिची नणंद ऋतुजा प्रत्येक लग्नात सांगायची. ऋतुजा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती आणि त्याच गटात धावायची.

गटाला एक अट होती. लागोपाठ दोन दिवस सराव चुकला की शर्यतीतून नाव कापलं जायचं. अट विमावाल्यांची होती, सरांची नव्हती. त्यामुळे गटात एक पद्धत पडली होती. कोणाकडे लग्न असलं, कोणाची आई आजारी पडली, तर दुसऱ्याने त्याची पट्टी आपल्या दंडावर लावून धावायचं. याला ते पट्टी फिरवणं म्हणायचे. शेजाऱ्याचं पाणी भरून ठेवावं, तसं ते चालायचं. एका अंगावर दोन पट्ट्या चालत नसत, म्हणून त्या दिवसापुरती स्वतःची पट्टी आणखी कोणाला तरी द्यावी लागायची; शेवटी उरलेल्या पट्टीचा एक दिवस बुडाला तरी चालायचं. सरांना हे ठाऊक होतं. दोन दिवसांसाठी कोणाचं नाव का कापा, म्हणून ते कानाडोळा करायचे.

भाद्रपदात तेजश्रीला टायफॉइड झाला. ऋतुजाने काही न विचारता तिच्या दंडावरची पट्टी काढून आपल्या दंडावर लावली. ताप लांबला, मग अशक्तपणा लांबला. जवळजवळ महिनाभर ऋतुजा वहिनीच्या नावाने धावत राहिली. सर नेमके तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला होते. ते तिथून फक्त आकडे बघायचे, आणि तेजश्रीचे आकडे फार छान सुधारत होते.

संग्रामच्या मनात हे खुपत होतं. सरांना सांगून टाकू, असा विषय त्याने दोनदा काढला. सांगितलं की नाव गेलं, मग यंदाही बसनेच पाचगणीला जाऊ का, असं तेजश्रीने विचारलं. ऋतुजा म्हणाली, दादा, तू तुझ्या गाड्यांचं बघ. तो दुकानाकडे निघाला. बरी झाल्यावर तेजश्री इतकी सहज धावू लागली की त्यालाच आपण उगाच घाबरलो असं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी तो वरच्या वळणावर लिंबूपाणी घेऊन उभा होता. शेजारी सर खुर्ची टाकून, मांडीवर सगळ्यांच्या पट्ट्यांचे आकडे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी घेऊन बसले होते. पुढचे धावपटू गेले. मग त्याला तेजश्री दिसली. ती ऋतुजाच्या बरीच पुढे होती. हे बघून त्याला आनंद व्हायला हवा होता.

ती हसत होती. पण तिच्या चेहऱ्यावर घाम नव्हता, नुसतं वाळलेलं मीठ होतं. ओठ पांढरे पडले होते. डावं पाऊल रस्त्याला घासत होतं आणि तो मोजा रक्ताने भिजला होता. त्याने पेला पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"अहो, आज पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही," ती म्हणाली आणि पुढे गेली.

संग्राम सरांकडे धावला. सरांनी पाटी दाखवली. तेजश्रीचा ठिपका हिरवा होता, राखीव ताकद अजून तिसरा हिस्सा शिल्लक होती. मग संग्रामने टायफॉइडचं सगळं सांगितलं. सरांनी फक्त विचारलं, किती दिवस? जवळजवळ महिना, असं तो म्हणाल्यावर त्यांनी स्कूटरला किल्ली लावली.

पुढच्या वळणावर त्यांनी तिला गाठलं. ती थांबेना. बाजूने निसटायला लागली, तेव्हा संग्रामने तिला कमरेला धरून कठड्यावर बसवलं. ती रागावली.

"सर, मला काहीही होत नाहीये. खरंच सांगते."

"माहीत आहे मला. म्हणून तर थांबवतोय."

ती उठायला गेली, पण पाय उठले नाहीत. तिने पुन्हा जोर केला. मग ती आपल्या पायांकडे बघत बसली, बसमध्ये शेजारच्या माणसाच्या पायांकडे बघावं तशी.

संग्राम म्हणाला, पडदा काढा. सरांनी मान हलवली. "एकदम काढला तर सगळा घाट एका क्षणात तिच्या अंगावर येईल. हृदयाला झेपणार नाही. बेताने काढायचा तर रात्र जाईल."

वरून रुग्णवाहिका आली. डॉक्टरीण बाईंनी सलाईन लावली आणि कुठे दुखतंय ते विचारलं. कुठेच नाही, असं तेजश्री पाहुण्याशी बोलावं तशी नम्रपणे म्हणाली. तिचे डोळे मिटायला लागले होते. बाईंनी सरांना विचारलं, हिच्या अंगात किती उरलंय? सर म्हणाले, माझ्याकडचा आकडा हिचा नाही.

तेजश्रीला आत घेतलं. संग्रामचा एक पाय गाडीत होता. सर खाली उभे राहून हातातल्या पाटीकडे बघत होते. त्यांच्या गटाचे ठिपके एकामागून एक घाट चढत होते. सगळे हिरवे होते.

"संग्राम," ते हळू आवाजात म्हणाले, "त्या महिन्यात ऋतुजाची स्वतःची पट्टी कोणाकडे होती?"

संग्रामला ठाऊक नव्हतं. त्याने ते कधी विचारलंच नव्हतं.

"आणि ज्याच्याकडे होती, त्याची कोणाकडे?"

वळणावरून ऋतुजा आली. तिने दुरूनच हात हलवला आणि वहिनी कुठवर पोचली, असं ओरडून विचारलं. तिच्या मागे गटातली बाकीची मंडळी होती. कोणी गाणं म्हणत होतं, कोणी कोणाची चेष्टा करत होतं. घाटाच्या माथ्यावर येऊनही एकालाही धाप लागलेली नव्हती.

सर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पण यातल्या कोणाला आधी अडवायचं?