काटेरावाची डावी बासरी

पहिल्यांदा तो मला दिसला तेव्हा तो आरशासमोर बसून रडत होता.

खांद्यावर बासरीची पिशवी अडकवून मी रेकॉर्डिंगची खोली शोधत होते आणि चुकून चित्रकारांच्या दालनात शिरले होते. सगळे जेवायला गेलेले. हा एकटाच, टेबलावरच्या ताटलीएवढ्या आरशात बघत, खालचा ओठ थरथरवत... मला राहवलं नाही. मी रुमाल काढून पुढे धरला.

"घ्या. आणि सांगावंसं वाटलं तर—"

"एक मिनिट हं," तो आरशाकडे बघतच म्हणाला. "नाकपुड्या राहिल्यात अजून."

मग त्यानं नाकपुड्या फुगवल्या, पेन्सिल उचलली आणि समोरच्या कागदावर रडणाऱ्या साळिंदराच्या नाकपुड्याही तशाच फुगवल्या. रुमाल घेऊन त्यानं बोटांवरचं शिसं पुसलं. माझा पांढराशुभ्र रुमाल!

"धुऊन देतो," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

इथे सगळे त्याला खोडरबर म्हणत, कारण तो एक रेघ काढायचा आणि तीन खोडायचा. मी झाले बासरीवाली. आमचा चित्रपट लहान मुलांचा, हातानं काढलेल्या चित्रांचा, काटेराव नावाच्या साळिंदराचा. बिचाऱ्याला कुणी जवळ घेत नाही, टोचतं ना! मान वर केली की त्याचेच काटे त्याच्या पाठीत रुततात, म्हणून आकाशसुद्धा तो तळ्यात वाकून बघतो. तिथंच त्याला ढगुली दिसते, ढगाची मुलगी, बासरी वाजवणारी. दोघांची गट्टी जमते. पुढे ढगुली रुसून दूर निघून जाते, आणि शेवटी काटेराव तळ्याकाठी स्वतः बासरी वाजवून तिला परत बोलावतो.

तो शेवटचा प्रसंग खोडरबरचा होता. तीन वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या दोन चित्रांमधली मधली चित्रं भरली होती. हा पहिलाच प्रसंग त्याचा स्वतःचा, आणि शेवटच्या नावांच्या यादीत त्याचं नावही पहिल्यांदाच येणार होतं. चाळीस सेकंद. सेकंदाला बारा चित्रं. अडीच महिने!

त्या अडीच महिन्यांत मी त्याच्या टेबलामागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत, काचेच्या खिडकीमागे बसून बासरी वाजवत राहिले आणि तो खिडकीकडे पाठ करून चित्रं काढत राहिला. येता-जाता मी त्याला छेडायची.

"आज किती रडलात?"

"आज हसायचं होतं. जमलं नाही."

"का बरं?"

"तुम्ही उदास सूर लावला होता ना..." एवढं बोलून मान परत कागदात.

"माझा रुमाल?"

"वाळत घातलाय."

"दोन महिने?"

"जाड आहे तो," तो गंभीरपणे म्हणायचा, आणि मी घरी जाईपर्यंत एकटीच हसत राहायची.

माझी आई म्हणते, हिच्या तोंडाला बासरी असते तेवढा वेळच घरात शांतता. खोटं कशाला बोलू? उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष. सोमवारी सगळ्यांना एकत्र बसवून पूर्ण चित्रपट दाखवला तेव्हा तोच नडला. काटेराव तळ्याकाठी आला. बासरी ओठांना लावली. सगळे श्वास रोखून बघत होते, आणि मी खो-खो हसत ओरडले, "अय्या, यानं बासरी भलत्याच बाजूला धरलीय!"

पडद्यावरचं चित्र थांबलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या दिग्दर्शिका, चष्मा सावरत पुढे झुकल्या. मी माझी बासरी उजवीकडे धरते. ढगुलीही पूर्ण चित्रपटात उजवीकडेच धरते. काटेरावाची मात्र डावीकडे होती. बोटं अचूक, ताल अचूक, श्वाससुद्धा माझ्याच जागी घेतलेला. फक्त बाजू उलटी.

"हे चित्र सरळ उलटं फिरवलं तर?" मी घाईघाईनं विचारलं.

"मग झाड तळ्याच्या पलीकडे जाईल," बाई म्हणाल्या. "आणि त्याचा कपाळावरचा मोडका काटा डावीकडून उजवीकडे. मुलं ते पहिलं पकडतील." त्या खोडरबरकडे वळल्या. "असं कसं झालं रे? तू तर एकेक नख बघून काढतोस."

तो उभा राहिला. माझ्याकडे वळता वळता थांबला आणि त्यानं मान खाली घातली.

"चूक माझी आहे."

"अरे, पण कशामुळे?"

"...माझीच आहे."

शुक्रवारी चित्रपट द्यायचा होता. पुन्हा काढायला वेळ नव्हता. बाईंनी कपाळ चोळलं आणि सांगितलं, प्रसंग काढून टाकू. काटेराव पाठमोरा दाखवू, वर नुसती बासरी ऐकू येईल. म्हणजे त्याची अडीच महिन्यांची चित्रं गेली आणि यादीतलं नावही गेलं. मला माझ्याच जिभेचा इतका राग कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी माफी मागायला त्याच्या टेबलापाशी गेले. तो आला नव्हता. वाट बघत त्याच्या खुर्चीत बसले. माझा रुमाल त्याच्या टेबलावरच होता, धुतलेला, घडी घातलेला, पेन्सिलींच्या डब्याखाली अगदी जपून ठेवलेला. वाळत घातलाय म्हणे! मी सहज समोरच्या आरशात बघितलं. मला वाटलं, माझं तोंड दिसेल. पण आरसा जरा कलता ठेवलेला होता. त्यात दिसत होती पाठीमागची काचेची खिडकी, खिडकीत माझी खुर्ची, आणि खुर्चीशेजारी माझी बासरी ठेवायचा स्टँड. जो उजवीकडे असतो तो, आरशात, डावीकडे.

मी वळून खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा आरशात. मागे पावलं वाजली तेव्हा तो दारात उभा होता.

"मान वळवून बघितलं असतं तर..." तो अडखळला. "तुम्हाला आवडलं नसतं."

"आणि काल सगळ्यांसमोर हे का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? की मी अडीच महिने कुणाला बघत होतो?"

स्वतःचा प्रसंग जाऊ दिला, पण मला चारचौघांत अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही. हा माणूस मला आवडत होता हे मला तोवर माहीत होतं. किती, ते त्या क्षणी कळलं.

आणि मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्याचा हात धरला आणि जवळजवळ पळतच बाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, काटेरावाला मान वर करता येत नाही ना? मग तो बासरी शिकला कुठून? तळ्यात बघून! पाण्यातली ढगुली उलटीच दिसणार की! तो डावीकडेच धरणार!"

बाई आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे, मग माझ्या हातातल्या त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मी हात सोडला.

"एक वाक्य लागेल," त्या हळूच म्हणाल्या. "दोन लागतील. आवाज देणारे मूळ कलाकार गुरुवारी येतील. तोवर लांबी मोजायला तुम्ही दोघं बोलून ठेवा. जा, माइकसमोर उभे राहा."

वाक्यं त्यांनी एका चिठोऱ्यावर खरडून दिली. आम्ही काचेच्या खोलीत समोरासमोर उभे राहिलो. माझं, म्हणजे ढगुलीचं वाक्य आधी होतं.

"वेड्या, बासरी अशी धरतात होय?"

तो चिठोऱ्याकडे बघत होता. मग त्यानं तो दुमडून खिशात घातला आणि मान वर केली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा, मधे आरसा नसताना, सरळ माझ्याकडे.

"मी तुला नेहमी तळ्यातच बघितलं," तो म्हणाला. "मान वर करायची हिंमत नव्हती."

काटेराव एवढंच म्हणणार होता. पण तो थांबला नाही.

"आता आहे."

माझं पुढचं वाक्य नव्हतंच. तरी मी बोलले. "मग बघ की. मी कुठे जातेय?"

मग स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "लोक पाण्यात बघतात ते वैर असलं की, तुमचं भलतंच दिसतंय. पण शेवटचं वाक्यही ठेवते मी. प्रसंगही. आणि आता बाहेर या, मला कामं आहेत."

बुधवारी सकाळी मी आले तेव्हा आरसा भिंतीवर टांगलेला होता आणि त्याचं टेबल फिरवलेलं होतं, तोंड थेट माझ्या खिडकीकडे. तो हनुवटीखाली हात घेऊन बसला होता. ना पेन्सिल, ना कागद, उघडउघड बघत होता.

मी बासरी ओठांना लावली, आणि जन्मात पहिल्यांदा पहिलाच सूर सपशेल चुकला. काचेपलीकडे तो पोट धरून हसत होता. मग त्यानं माझा रुमाल उंच धरून हलवला. मी मानेनंच सांगितलं, राहू दे तुझ्याकडे.